झोपलेल्या यंत्राचा हिशेब: लिनक्समधील सस्पेंड-रिझ्यूमच्या मोजमापाचा आढावा

लॅपटॉपचे झाकण मिटल्यापासून तो खरोखर झोपेपर्यंत किती वेळ जातो आणि झाकण उघडल्यावर कामाला लागायला तो किती वेळ घेतो? प्रश्न साधा दिसतो, पण कर्नलकडून त्याचे नेमके उत्तर काढणे अवघड आहे. ज्या काळाचे मोजमाप करायचे त्याच काळात वेळ सांगणारे घड्याळ, नोंद उतरवून घेणारी डिस्क आणि संदेश दाखवणारा पडदा एकेक करून बंद होत असतात. लिनक्सच्या जगात या मोजमापावर गेली वीस वर्षे काम चालू आहे. त्यातून बरेच काही सुधारले आणि काही वाद अजून जिथल्या तिथे आहेत. या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. जिथपर्यंत मोजमाप पोहोचले, तिथपर्यंत दुरुस्ती झाली. जिथे ते पोहोचले नाही, तिथे प्रत्येक पक्ष आपल्या अंदाजावर ठाम राहिला.

आधी चालू होणे, मग वेगाने चालू होणे

१९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने आणलेल्या एपीएम पद्धतीत झोपेचा कारभार बायोसच्या हाती होता. ऑपरेटिंग सिस्टिमने विनंती करायची आणि बाकीचे बायोसने पाहायचे, अशी ती वाटणी होती. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआयचे मानक प्रसिद्ध केले आणि निर्णयाचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. झोपेच्या पायऱ्यांना एस-१ ते एस-४ अशी नावे मिळाली. त्यांतली एस-३ म्हणजे मेमरी जिवंत ठेवून प्रोसेसरसह बाकी जवळपास सगळ्याची वीज तोडणे. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला 'स्लीप' म्हणतो ती बरीच वर्षे हीच होती. एस-४ मध्ये मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवतात. ते हायबरनेशन. त्याचे वेळेचे गणित मुख्यतः डिस्कच्या वेगावर ठरते, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.

अधिकार आला तशी जबाबदारीही आली. प्रत्येक ड्रायव्हरने आपले उपकरण नीट झोपवायचे आणि नीट उठवायचे होते. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लिनक्स वापरणाऱ्यांचा प्रश्न वेगाचा नव्हताच. यंत्र उठेल की नाही, हीच धास्ती असे. त्या काळाची खूण म्हणून एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. यंत्र उठताना मध्येच गोठले तर पडदा काळा, लॉग गायब आणि वीज तोडण्यावाचून इलाज नाही. मग ते नेमके कुठे अडकले हे कळणार कसे? लायनस टॉरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये 'पीएम-ट्रेस' नावाची सोय लिहिली. वीज गेली तरी यंत्रात एक गोष्ट चालू राहते, ती म्हणजे बॅटरीवरचे तारीख-वेळेचे घड्याळ. पीएम-ट्रेस प्रत्येक टप्प्यावर फाइलचे नाव, ओळ आणि उपकरण यांचा संक्षिप्त सांकेतिक आकडा करून तो त्या घड्याळात तारीख म्हणून कोंबते. पुन्हा बूट झाल्यावर कर्नल ती तारीख वाचतो आणि आकडा कोणत्या उपकरणाशी जुळतो ते सांगतो. घड्याळ दरम्यान पुढे सरकत असतेच, म्हणून मिनिटांची नोंद तीन-तीनच्या टप्प्यांत ठेवली आहे. तेवढ्या सवलतीत यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. यात यंत्राची तारीख बिघडते आणि आकडा एकाहून अधिक उपकरणांशी जुळू शकतो. तरीही हे साधन कर्नलमध्ये टिकून आहे, कारण त्या काळोखात दुसरे काहीच दिसत नाही.

२००८ मध्ये आर्यन व्हान डे व्हेन आणि ऑके कोक यांनी लिनक्स प्लंबर्स परिषदेत पाच सेकंदांत बूट होणारे यंत्र दाखवले. बूटचा प्रत्येक क्षण आलेखावर मांडायचा आणि सर्वांत लांब पट्टीपासून कामाला लागायचे, ही त्यामागची शिस्त होती. पुढच्या काही वर्षांत तीच शिस्त झोप आणि जागेपणाकडे वळली.

टप्प्यांची रचना

काय मोजले जाते हे कळण्यासाठी क्रम माहीत हवा. काही दिवस गावाला जाताना आपण घर जसे बंद करतो, तसा तो आहे. आधी माणसे बाहेर, मग खोल्या, मग गॅस आणि नळ, शेवटी मेन स्विच. परत आल्यावर हाच क्रम उलटा. कर्नल प्रथम फाइल-सिस्टिमचा न लिहिलेला मजकूर डिस्कवर लिहून घेतो. मग वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया गोठवतो. यासाठीची मुदत मुळात २० सेकंदांची असते आणि तेवढ्यात एखादी प्रक्रिया गोठली नाही तर सस्पेंडच रद्द होतो. त्यानंतर उपकरणांची पाळी येते. तयारी, सस्पेंड, उशिराचा सस्पेंड आणि इंटरप्ट बंद झाल्यानंतरचा सस्पेंड अशा चार फेऱ्यांत प्रत्येक ड्रायव्हरचे कॉलबॅक बोलावले जातात. पुढे मुख्य प्रोसेसर सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात, घड्याळासारखे गाभ्यातले घटक थांबतात आणि सूत्रे फर्मवेअरकडे जातात. जागे होताना फर्मवेअरपासून सुरुवात होऊन हीच वाट उलट्या दिशेने कापली जाते.

मुलाच्या आधी पालक झोपवायचा नाही आणि पालकाच्या आधी मूल उठवायचे नाही, हा उपकरणांच्या फेऱ्यांमधला पक्का नियम आहे. यूएसबी हबला जोडलेला कीबोर्ड हबच्या आधी झोपतो आणि हबच्या नंतर उठतो. पुढच्या बहुतेक तांत्रिक वादांचे मूळ या नियमात आहे.

साधने: छापील ओळीपासून आलेखापर्यंत

सर्वांत जुनी पद्धत लॉगमधल्या ओळींची. एका कर्नल पर्यायाने प्रत्येक कॉलबॅकला किती वेळ लागला ते छापता येते. ही पद्धत कुठेही चालते, वेगळे काही बसवावे लागत नाही. पण छापण्यालाही वेळ लागतो. सीरियल केबलवरून संदेश बाहेर पाठवत असाल तर मोजणी खऱ्या कामावर स्वार होते. शिवाय सस्पेंडमध्ये कन्सोलही झोपवला जातो, म्हणून तेव्हाचे संदेश साठून राहतात आणि जागे झाल्यावर दिसतात. जोडीला 'पीएम-टेस्ट' आहे. ठरवलेल्या टप्प्यापर्यंत जायचे, पाच सेकंद थांबायचे आणि परत फिरायचे. दोष कोणत्या टप्प्यात आहे ते यातून चटकन कळते.

खरा बदल झाला तो एफट्रेसमुळे. स्टीव्हन रॉस्टेड यांचे हे काम २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीत आले. नोंदी छापण्याऐवजी मेमरीतल्या बफरमध्ये जातात. एस-३ मध्ये मेमरी जिवंतच असते, त्यामुळे झोपेपूर्वीच्या नोंदी उठल्यावर जशाच्या तशा मिळतात. या पायावर इंटेलचे टॉड ब्रँट यांनी २०१३ पासून एक विश्लेषक उभा केला. तो आज स्लीपग्राफ या नावाने ओळखला जातो आणि कर्नलच्या मूळ संकेतसंग्रहातच ठेवलेला आहे. २०१४ मध्ये कर्नलला खास सस्पेंड-रिझ्यूमसाठीचे ट्रेस-बिंदू मिळाले. टप्पा सुरू झाला, संपला. अमुक उपकरणाचा कॉलबॅक सुरू झाला, संपला, एवढेच ते बिंदू सांगतात. तेवढे पुरते.

स्लीपग्राफ काही सेकंदांनंतरचा गजर लावून यंत्र झोपवतो आणि उठल्यावर एक वेब-पान तयार करतो. डावीकडून उजवीकडे वेळ, टप्प्यांचे रंगीत उभे पट्टे आणि त्यांत प्रत्येक उपकरणाची आडवी पट्टी. दोनशे बारीक पट्ट्यांमध्ये एखादी लांबलचक पट्टी पसरलेली दिसली की कोणाला विचारायचे ते कळते. आणखी खोल जायचे तर त्या पट्टीच्या आत ड्रायव्हरने कुठे नुसतीच वाट पाहिली, म्हणजे कुठे झोपण्याचे फंक्शन बोलावले, हेही दाखवता येते. माझ्या मते या साधनाचे सर्वांत मोठे काम सामाजिक आहे. 'लिनक्सवर स्लीप हळू आहे' या मोघम तक्रारीची जागा 'अमुक ड्रायव्हर अमुक फेरीत इतके मिलिसेकंद घेतो' या नेमक्या अहवालाने घेतली, आणि अशा अहवालाला ड्रायव्हर लिहिणारा उत्तर देऊ शकतो.

साधन कितपत विश्वासार्ह, यावर मात्र दोन मते आहेत. प्रत्येक फंक्शनचा प्रवेश आणि निर्गमन टिपणारी खोल ट्रेसिंग वापरली तर छोटी, वारंवार बोलावली जाणारी फंक्शने फुगून दिसतात. बफर भरला तर नोंदी गळतात. त्यामुळे एक गट म्हणतो की निवडक ट्रेस-बिंदूंवरचीच मोजणी ग्राह्य धरावी आणि खोल ट्रेसिंग फक्त कारण शोधायला वापरावी. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की सस्पेंडमधला बहुतेक वेळ हार्डवेअरची वाट पाहण्यात जातो, तिथे ट्रेसिंगचा भार नगण्य असतो आणि खोल चित्राशिवाय दुरुस्ती होत नाही. माझे मत पहिल्या गटाकडे झुकते, कारण दोन आवृत्त्यांची तुलना करताना मोजणीचा भार दोन्हीकडे सारखाच पडेल याची हमी नसते.

घड्याळाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. सस्पेंडमध्ये कर्नलचे एकदिश घड्याळ थांबते. झोपेचा काळही धरणारे बूटटाइम नावाचे घड्याळ २०११ मध्ये वेगळे आणावे लागले. २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीच्या तयारीत ही दोन्ही घड्याळे एक करण्याचा प्रयत्न झाला. काही प्रोग्रॅम बिघडल्याचे लक्षात येताच आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधीच तो मागे घेतला गेला. झोपेचा काळ 'वेळ' म्हणून मोजायचा की नाही, याचे उत्तर वापरणाऱ्या प्रोग्रॅमप्रमाणे बदलते, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

मोजल्यावर काय सापडले

सर्वांत लांब पट्टी निघाली फिरणाऱ्या हार्ड डिस्कची. तबकडी पुन्हा वेग घेईपर्यंत सेकंद उलटतात आणि सगळे यंत्र तिच्यासाठी खोळंबते. २०१४ मध्ये ३.१५ या आवृत्तीत साटा पोर्ट आणि डिस्क यांचे उठणे असमकालिक केले गेले. डिस्क मागे वेग घेत राहते आणि बाकी यंत्र पुढे जाते. जागे होण्याच्या वेळेतून सेकंदच्या सेकंद निघून गेले. मोजमापातून थेट दुरुस्तीपर्यंत गेलेले याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात मला माहीत नाही.

काही विलंब मात्र मानकातच लिहिलेले आहेत. पीसीआय उपकरण हलक्या झोपेतून पूर्ण जागे होताना १० मिलिसेकंद थांबावे लागते, वीज पूर्ण तुटली असेल तर १०० मिलिसेकंद. यूएसबीवर उठवण्याचा संकेत किमान २० मिलिसेकंद धरून ठेवायचा असतो. एकेक आकडा किरकोळ आहे, पण उपकरणे रांगेने उठवली तर त्यांची बेरीज डोळ्यांना जाणवते. म्हणून उपकरणे समांतर उठवण्याची कल्पना पुढे आली. २००९ च्या अखेरीस तिच्यावर मोठी चर्चा झाली. ऊर्जा-व्यवस्थापनाचे प्रमुख राफाएल विसोत्स्की यांना सर्व उपकरणांसाठी एक सामान्य चौकट हवी होती. टॉरवाल्ड्स यांचा आक्षेप गुंतागुंतीला होता. मोजकी उपकरणे हळू आहेत, तेवढ्यांपुरती सोपी सोय करा, असा त्यांचा आग्रह. २०१० मध्ये २.६.३४ आवृत्तीत आलेली व्यवस्था या दोहोंच्या मधली आहे. ज्या उपकरणांनी तयारी दाखवली तेवढीच समांतर चालतात आणि प्रत्येक जण आपल्या पालकाचे किंवा मुलांचे काम संपण्याची वाट पाहतो.

फाइल-सिस्टिमचा मजकूर लिहून घेण्यावरचा वाद वेगळ्या जातीचा होता. इंटेलचे लेन ब्राउन यांनी २०१५ मध्ये सुचवले की सस्पेंडपूर्वीचे हे काम कर्नलने करूच नये. दिवसभरात असंख्य वेळा झोपणाऱ्या फोनसारख्या यंत्रात दर वेळी डिस्क धुंडाळणे व्यर्थ आहे आणि ज्याला हवे त्याने ते वापरकर्त्याच्या बाजूने करून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. एक्सएफएसवर काम करणारे डेव्ह चिनर यांच्यासारख्या फाइल-सिस्टिम जाणणाऱ्यांनी विरोध केला. झोपेत बॅटरी संपली किंवा यंत्र उठलेच नाही तर न लिहिलेला मजकूर जातो, आणि सामान्य माणसाला आपले काम गेल्याचे दुःख काहीशे मिलिसेकंदांच्या उशिरापेक्षा मोठे असते. निकाल तडजोडीचा लागला. त्याच वर्षी कर्नल बांधतानाचा पर्याय आला आणि २०२० मध्ये चालू यंत्रावर बदलता येणारी कळ आली. मुळातले वर्तन पूर्वीचेच राहिले. हा पायंडा मला योग्य वाटतो. ट्रेसने किंमत दाखवली, पण ती किंमत मोजणे योग्य आहे का, हा प्रश्न ट्रेसच्या अधिकारातला नव्हता.

फर्मवेअरचा पडदा

कर्नलने सूत्रे सोडल्यापासून ती परत मिळेपर्यंतचा काळ ट्रेसमध्ये कोराच असतो. एस-३ मधून उठताना फर्मवेअर मेमरी-नियंत्रक पुन्हा मांडते, चिपसेटची जुळणी करते आणि मग कर्नलला उठवते. यात गेलेला वेळ कर्नलच्या आलेखावर दिसत नाही. वापरकर्त्याला मात्र तो दिसतो आणि दोष ऑपरेटिंग सिस्टिमच्या माथी बसतो. २०११ च्या एसीपीआय ५.० मानकाने एफपीडीटी नावाचा तक्ता आणला. त्यात फर्मवेअरने आपल्या उठण्याचा वेळ नॅनोसेकंदांत स्वतः लिहून ठेवायचा असतो. स्लीपग्राफ तो वाचून आलेखात जोडतो आणि २०२१ पासून कर्नलही तो तक्ता वापरकर्त्यासमोर ठेवतो. अडचण एवढीच की हा आकडा ज्याचा हिशेब तपासायचा त्यानेच दिलेला असतो, आणि तक्ता भरणे सर्वच उत्पादक मनावर घेत नाहीत. म्हणून काही जण बाहेरून मोजण्याचा आग्रह धरतात. वीजवाहिन्यांवरचा प्रवाह मोजायचा किंवा पडदा उजळण्याचा क्षण कॅमेऱ्याने टिपायचा. क्रोमबुकसारखी यंत्रे बनवणाऱ्यांना हे शक्य आहे, कारण हार्डवेअर, फर्मवेअर आणि कर्नल तिन्ही त्यांच्या आवाक्यात असतात. दुकानातून लॅपटॉप विकत घेणाऱ्याला ते शक्य नाही.

झोप किती खोल

गेल्या दशकात प्रश्नच बदलला. फोनसारखे चटकन उठणारे आणि झोपेतही निरोप घेणारे लॅपटॉप हवेत म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ बरोबर कनेक्टेड स्टँडबाय आणले, पुढे विंडोज १० मध्ये मॉडर्न स्टँडबाय. यात यंत्र कागदोपत्री जागेच असते, फक्त सर्व घटक आपापल्या सर्वांत कमी विजेच्या अवस्थेत जातात. लिनक्सने २०१३ मध्ये ३.९ आवृत्तीत याला जुळणारी, आज एस-टू-आयडल म्हणून ओळखली जाणारी अवस्था आणली. फर्मवेअरकडे सूत्रे देण्याचा टप्पा यात नाही, त्यामुळे आलेखातला कोरा भाग नाहीसा होतो आणि उठणे वेगवान होते. वेळेच्या दृष्टीने हा निखळ फायदा आहे.

पण एकच घटक जागा राहिला तरी सगळी चिप खोल झोपेत जात नाही. पडदा काळा, पंखा बंद, आलेख सुरेख. आणि बॅगेत यंत्र गरम होत राहते. एखादी एसएसडी, एखादा वाय-फाय ड्रायव्हर किंवा वेळेवर न सोडलेले एक घड्याळ यासाठी पुरेसे होते. त्यामुळे आता मोजायची गोष्ट वेगळी आहे. झोपेच्या एकूण काळापैकी हार्डवेअर खरोखर किती काळ सर्वांत खोल अवस्थेत होते, हा खरा आकडा. विंडोजमध्ये ८.१ पासून यासाठी स्लीप स्टडी अहवाल आहे. लिनक्समध्ये इंटेल आणि एएमडी यांचे आपापले वेगळे मार्ग होते. २०२३ मध्ये एएमडीचे मारियो लिमोन्सिएलो यांच्या कामातून शेवटच्या झोपेतला हार्डवेअर-निद्रेचा काळ सर्वांसाठी एकाच ठिकाणी वाचण्याची सोय झाली. उठण्याच्या वेळेतून आणखी पन्नास मिलिसेकंद वाचवणाऱ्या कुठल्याही पॅचपेक्षा मला हा छोटा बदल मोलाचा वाटतो, कारण वापरकर्त्याला आपली तक्रार आकड्यात मांडण्याची संधी त्याने दिली.

एस-३ हवी की नको, यावर मात्र एकमत नाही. चिप आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांचे म्हणणे असे की दोन्ही मार्ग तपासत बसणे महाग आहे आणि भविष्य नव्या पद्धतीचे आहे. अनेक नव्या यंत्रांच्या फर्मवेअरमधून एस-३ काढूनच टाकली आहे. जुन्या पद्धतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की रात्रभर झोपलेल्या यंत्राची बॅटरी सकाळी शिल्लक असणे हे अर्ध्या सेकंदात उठण्यापेक्षा महत्त्वाचे आहे आणि एस-३ मध्ये त्यासाठी प्रत्येक ड्रायव्हर निर्दोष असण्याची गरज नव्हती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. दोन पक्ष वेगवेगळ्या राशी मोजत आहेत, एक मिलिसेकंद आणि दुसरा वॅट-तास, म्हणून समोरासमोर येऊनही त्यांची गाठ पडत नाही.

अजून न सुटलेले

समांतर उठवण्याचा विषय पुन्हा उघडला आहे. २०२४ च्या अखेरीस गूगलच्या सरवणा कन्नन यांनी दाखवून दिले की सध्याच्या रचनेत सारी असमकालिक कामे एकदम रांगेत घातली जातात आणि त्यांतली बहुतेक एकमेकांची वाट पाहत बसतात. त्या गर्दीचाच खर्च होतो. ज्याचे अवलंबित्व संपले तेवढेच काम रांगेत घाला, हा त्यांचा प्रस्ताव. विसोत्स्की यांनी २०२५ मध्ये याच दिशेचे बदल मुख्य कर्नलमध्ये आणायला सुरुवात केली. यामागचा जुना पेच कायम आहे. पालक-मूल नात्यापलीकडची अवलंबित्वे, जसे की एका उपकरणाची वीज दुसऱ्याच्या हाती असणे, कर्नलला नोंदवून सांगावी लागतात आणि ती नोंद अपुरी असेल तर समांतरपणा जितका वाढेल तितके दुर्मीळ, पकडायला कठीण दोष वाढतील.

मोजणी कुठे थांबवायची हेही ठरलेले नाही. कर्नलच्या दृष्टीने शेवटचा कॉलबॅक संपला की रिझ्यूम पूर्ण. माणसाच्या दृष्टीने पडदा उजळला, पासवर्ड स्वीकारला गेला आणि नेटवर्क जोडले गेले की पूर्ण. या दोहोंमध्ये डेस्कटॉप आणि वाय-फायची बरीच धावपळ असते. ती स्लीपग्राफच्या पानात मावत नाही आणि तिची जबाबदारी एका प्रकल्पाची नाही. एकाच यंत्रावर लागोपाठच्या फेऱ्यांत वेळ बदलतो, म्हणून एका मोजणीवर विसंबता येत नाही. स्लीपग्राफमध्ये अनेक फेऱ्या घेऊन सारांश काढण्याची सोय आहे, पण मध्यम आकडा प्रमाण मानायचा की सर्वांत वाईट, यावर सर्वमान्य संकेत नाही. नव्या आवृत्तीत झोप बिघडली हे पकडणारी स्वयंचलित चाचणी खऱ्या यंत्रावरच घ्यावी लागते. आभासी यंत्राला हार्ड डिस्कची तबकडी नसते आणि तापणारी बॅगही नसते. अशी यंत्रे जमवून ती रोज झोपवत आणि उठवत राहण्याचे काम आज चिप बनवणाऱ्या कंपन्या आणि काही वितरणे आपापल्या गरजेपुरते करतात. त्यांच्या कपाटांत नसलेल्या लॅपटॉपवरचे बिघाड तो विकत घेणाऱ्यालाच सापडतात.